एकतीस जानेवारी, एकतीस मार्च

गेली अठ्ठावीस वर्षे मी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. आमच्या धंद्यात ३१ मार्च म्हणजे वर्षातला सर्वांत लांब दिवस. धानाचा साठा मोजायचा, बारदाना मोजायचा, येणी-देणी जुळवायची आणि रात्री उशिरा डोळे चोळत घरी जायचे. या तारखेला ‘मार्च एंडिंग’पलीकडे आणखी काही अर्थ असू शकतो, हे कित्येक वर्षे माझ्या ध्यानीमनी नव्हते. तो अर्थ मला दाखवला पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाने, आणि तोही अगदी योगायोगाने.

मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. संध्याकाळी मी तिला प्रश्न विचारायचो. एकदा प्रश्न आला, जगातले सर्वांत लहान प्रजासत्ताक कोणते? उत्तर होते नाउरू. क्षेत्रफळ एकवीस चौरस किलोमीटर, लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, अधिकृत राजधानी नाही. मुलगी पुढच्या प्रश्नाकडे गेली, मी मात्र तिथेच अडकलो. आमच्या नवेगावबांधच्या तलावाचा विस्तार अकरा चौरस किलोमीटर सांगतात. म्हणजे तसे दोन तलाव शेजारी ठेवले की एक देश बसला! एवढ्याशा देशाला स्वातंत्र्यदिन असेल, झेंडा असेल, राष्ट्रीय सुट्ट्या असतील. त्या कोणत्या, या कुतूहलापोटी मी शोधत गेलो. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस. संशोधनाची कुठली पद्धत मला कोणी शिकवलेली नाही. हिशेबाच्या वहीत एक नोंद जुळली नाही की मागची पाने चाळायची, एवढी एकच सवय मला आहे.

नाउरूचा स्वातंत्र्यदिन आहे ३१ जानेवारी. साल १९६८. पण ही तारीख १९६८ मध्ये जन्मलेली नाही.

या बेटावर १८८८ मध्ये जर्मनीने आपला झेंडा लावला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे फॉस्फेट सापडले, खतासाठी लागणारे, अतिशय उत्तम प्रतीचे. पहिल्या महायुद्धात बेट ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात गेले आणि पुढे राष्ट्रसंघाच्या आदेशाने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांचे झाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची शेते या बेटाच्या मातीवर पिकू लागली. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले. त्यांनी १९४३ मध्ये बाराशे नाउरूवासीयांना जहाजांत भरून दूरच्या त्रुक बेटांवर मजुरीला नेले. उपासमार, रोगराई आणि बॉम्बफेक यांत त्यांतले चारशे साठहून अधिक लोक मेले. उरलेले सातशे सदतीस जण आपल्या बेटावर परत आले, तो दिवस ३१ जानेवारी १९४६.

पुढे बावीस वर्षांनी स्वातंत्र्य मिळायची वेळ आली, तेव्हा हॅमर डीरोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी तीच तारीख धरली. डीरोबर्ट हे देशाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तेही त्रुकला नेलेल्यांपैकीच एक होते. आम्ही घरी परतलो तो दिवस आणि आम्ही आमचे मालक झालो तो दिवस एकच, असे त्या देशाने ठरवून टाकले.

त्यांची दुसरी सुट्टी मला याहून विलक्षण वाटते. २६ ऑक्टोबर हा तिथे ‘अंगाम दिन’ असतो. अंगाम या शब्दात आनंद, मुक्कामाला पोहोचणे, घरी येणे, हे सगळे अर्थ एकत्र नांदतात. १९२० च्या सुमारास इन्फ्लुएन्झाच्या साथीत बेटावरची माणसे पटापट मेली. पंधराशेच्या खाली लोकसंख्या राहिली तर ही जमात टिकणार नाही, असा हिशेब तेव्हाच्या प्रशासकाने मांडला आणि पंधराशेवा नाउरूवासी जन्मेल त्या दिवशी सण करायचे ठरले. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि आकडा पूर्ण झाला. महायुद्धाने तो पुन्हा खाली आणला. १९४९ मध्ये पंधराशेचा आकडा दुसऱ्यांदा गाठला गेला. सणाची तारीख मात्र पहिलीच राहिली. एका बाळाच्या जन्माची, म्हणजे खरे तर एका बेरजेची, राष्ट्रीय सुट्टी! हिशेबनीस म्हणून मला त्या देशाबद्दल जिव्हाळा वाटू लागला, हे कबूल करतो.

या दोन सुट्ट्यांवरून मला एक गोष्ट उमगली, आणि ती आपल्याकडेही तेवढीच खरी आहे. राष्ट्रीय दिवस आपोआप येत नाहीत, ते कोणीतरी निवडतो. निवडणाऱ्याचे मन त्या तारखेत उतरते. सामोआ हा त्याच महासागरातला देश १ जानेवारी १९६२ रोजी स्वतंत्र झाला, पण सोहळा करतो जूनमध्ये. आपली २६ जानेवारी १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेवरून निवडलेली. संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबर १९४९ ला, ते पूर्णपणे अमलात आणायला मुद्दाम दोन महिने थांबले. ही निवड आपली होती. पण १५ ऑगस्ट? ती तारीख माउंटबॅटन यांची. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस, म्हणून ती आपल्याला सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे ते सेनापती होते, त्यांच्या लेखी तो विजयदिन होता. ज्या शरणागतीमुळे त्रुकवरचे सातशे सदतीस जीव सुटले, तीच आपल्या लाल किल्ल्यावरच्या तारखेच्या मुळाशी आहे. हे वाचले तेव्हा नाउरू मला परके राहिले नाही.

मराठी मुलखाचा विचार केला तरी स्वातंत्र्याची तारीख एक नाही. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, कारण निजामाचे राज्य १९४८ च्या त्या दिवशी संपले. गोव्याचा मुक्तिदिन १९ डिसेंबर, साल १९६१. दादरा-नगर हवेलीचा २ ऑगस्ट, साल १९५४. आमच्या अगदी जवळचे उदाहरण घ्यायचे तर गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. आमगाव जाते, सालेकसा जाते, दरेकसाचा घाट लागतो. तो ओलांडला की छत्तीसगड आणि थोड्याच वेळात डोंगरगड. डोंगरगड हे खैरागड संस्थानातले. खैरागड, नांदगाव, छुईखदान या संस्थानांच्या राजांकडून सरदार पटेलांनी डिसेंबर १९४७ मध्ये नागपुरात विलीनीकरणाच्या करारावर सह्या घेतल्या आणि १ जानेवारी १९४८ पासून तिथला कारभार मध्य प्रांताकडे आला. तासाभराच्या रेल्वेप्रवासात स्वातंत्र्याच्या दोन तारखा.

मग आमची, म्हणजे गोंदियाची तारीख कोणती?

पंधरा ऑगस्ट आहेच. त्या दिवशी आम्ही ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होतो, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यांत आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हाही होता. घाटापलीकडे १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापनादिन म्हणून थाटात साजरा होतो, अलीकडे त्याची आठवणही कोणाला नाही. मग १ मे १९६०. त्या दिवशी आमच्याकडे सरकारी झेंडा फडकतो आणि विदर्भवादी काळा दिवस पाळतात, दोन्ही मी एकाच चौकात पाहिले आहे. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला तोही १ मे रोजीच, १९९९ मध्ये. महाराष्ट्राच्या वाढदिवसाच्या दिवशी आमचा वाढदिवस आला आणि मोठ्या भावाच्या केकखाली झाकला गेला. या सगळ्या तारखा नकाशाच्या आहेत. नकाशावरची रेघ सरकली, कचेरीवरची पाटी बदलली. तिरोड्याच्या किंवा अर्जुनीच्या एखाद्या गावात धान लावणाऱ्या माणसाचे आयुष्य कोणत्या तारखेला बदलले, असे विचारले तर यातली एकही सांगता येत नाही.

ती तारीख ३१ मार्च १९५१ ही आहे. त्या दिवशी मालगुजारी संपली.

आमच्याकडच्या वाचकांना मालगुजार हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पण पुण्या-मुंबईच्या आणि मराठवाड्याच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण रयतवारीत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था चटकन कळत नाही. भोसल्यांच्या राज्यात गावचा पटेल सरकारसाठी सारा गोळा करी. तो गावाचा मालक नव्हता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि त्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी एक उलथापालथ केली. सारा गोळा करणाऱ्यालाच त्यांनी गावाचा मालक ठरवले. काल जो दलाल होता तो आज धनी झाला. त्याने कुळांकडून वसुली करायची, तिच्यातला ठरलेला भाग सरकारात भरायचा, उरलेला ठेवायचा. गाव आता मालमत्ता झाले, म्हणजे ते गहाण पडू लागले, लिलावात निघू लागले. गावाचे सोळा आणे धरायचे आणि हिस्से पाडायचे. कोणी आठ आण्यांचा मालक, कोणी दोन आण्यांचा. कर्जापायी कितीतरी गावे सावकारांच्या हाती गेली. मालक शहरात, गाव त्याच्या दिवाणजीच्या हाती, असे प्रकार होत गेले.

पूर्वेकडे, जंगलाच्या बाजूला, जमीनदाऱ्या होत्या. कामठा, आमगाव, सालेकसा, चिचगड ही त्यांतली काही नावे. त्यांचा इतिहास वेगळा आणि बराच जुना आहे. १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते. तो विषय स्वतंत्र लेखाचा, इथे त्यात शिरत नाही.

मालगुजाराकडे केवळ जमीन नव्हती. गावची पडीक, कुरण, झुडपी जंगल, झाडे, त्यांचा मोह आणि लाख, तलाव, तलावातली मासळी, आठवडी बाजार, सगळे त्याचे. गावकऱ्याला सरपण, चराई, घरासाठी लाकूड मिळायचे त्याला ‘निस्तार’ म्हणत. तो हक्क कागदोपत्री ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदलेला असे. पण कागद वाड्यावर आणि वाचता येणारा माणूसही वाड्यावरच! या हक्काच्या बदल्यात वाड्यावर नांगर घेऊन जाणे, छप्पर शाकारणे, लग्नकार्यात राबणे हे ठरलेलेच. संविधानाच्या २३ व्या कलमाने बेगारीला बंदी घातली ती २६ जानेवारी १९५० पासून, पण तोवर आणि त्यानंतरही काही काळ बोलावणे येत राहिले.

हा शोध सुरू केला तेव्हा १९५१ मध्ये विशी-पंचविशीत असलेले चार-पाच म्हातारे आमच्या भागात होते. आज त्यांच्यापैकी कोणी नाही. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत असे, मामाजी, मालगुजारी गेली हे तुम्हाला कसे कळले? दवंडीची आठवण कोणालाच नव्हती. तारीख तर एकालाही सांगता आली नाही. एकाने सांगितलेले मात्र माझ्या वहीत जसेच्या तसे आहे. त्या साली मृग लागला आणि वाड्यावरून नांगराचे बोलावणे आलेच नाही. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी बैल आधी आपल्या बांधीत घातले. एवढेच. ते सांगताना मामाजी हसले नाहीत की रडले नाहीत. पावसाळ्यातली पहिली वाफ जमिनीत असताना आपले बैल आधी आपल्या बांधीत, याचा अर्थ धान पिकवणाऱ्यांना निराळा सांगायला नको.

आता तो कायदा. नाव लांबलचक आहे, ‘मध्य प्रदेश मालकी हक्क (इस्टेटी, महाल, दुमाला जमिनी) निर्मूलन अधिनियम, १९५०’. मालगुजारी नाहीशी करावी हे तत्त्व नागपूरच्या विधिमंडळाने १९४६ च्या सप्टेंबरात, म्हणजे स्वातंत्र्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, ठराव करून मान्य केले होते. विधेयक १९४९ च्या ऑक्टोबरात आले, एप्रिल १९५० मध्ये मंजूर झाले, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी थांबले आणि २६ जानेवारी १९५१ रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या वाढदिवशी, राजपत्रात छापून आले. दुसऱ्याच दिवशीच्या अधिसूचनेने ३१ मार्च हा दिवस मुक्रर झाला. त्या दिवशी सर्व मालकी हक्क राज्य सरकारकडे जमा. ही तारीख सरकारी वर्ष संपते म्हणून निवडली असावी, असा माझा तर्क आहे. म्हणजे तीसुद्धा मार्च एंडिंगच!

या कायद्याचे चौथे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा एखाद्या गावाची चीजवस्तूंची यादी वाचतो आहे असे वाटले. लागवडीलायक आणि पडीक जमीन, गवताची जमीन, झुडपी जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, बोड्या, पाट, उताराच्या जागा, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार, मेळे. पायवाटसुद्धा कोणाच्या तरी मालकीची होती, हे त्या यादीवरून कळते. मालकाकडे राहिले ते त्याचे घर-आवार, त्याची सीर आणि खुदकाश्त जमीन, आणि खाजगी विहिरी-बोड्या. हीच सीर-खुदकाश्त काहींच्या बाबतीत भरपूर होती, त्यामुळे वाडे एका रात्रीत ओस पडले असे झाले नाही. पुढची पन्नास वर्षे राजकारणातली कितीतरी नावे त्याच वाड्यांतून आली. ते इथे उगाळत बसत नाही.

लढा कोर्टातही झाला. आमच्या दक्षिणेच्या, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. दरम्यान जून १९५१ मध्ये संविधानाची पहिली दुरुस्ती झाली, नववी अनुसूची जन्माला आली, आणि तिच्यात ज्या तेरा कायद्यांना संरक्षण मिळाले त्यांत आमच्या मध्य प्रदेशाचा हा कायदा होता. १९५२ मध्ये निकाल लागला. कायदा टिकला. कायद्याचे विद्यार्थी ‘विश्वेश्वरराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा खटला अजून वाचतात. पण तो खटला ज्या मुलखाचा, तिथल्या शाळेत मी हा विषय काढला तेव्हा एका शिक्षकांनी मला विचारले, हे नक्की कुठे घडले?

चार वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी आमच्या गावाचे जुने निस्तार पत्रक पाहायला मागितले. मालगुजारी गेल्यावर गावोगावची अशी पत्रके तयार झाली. आधी ‘कशाला पाहिजे’, मग ‘साहेब नाहीत’, मग ‘वाळवी लागली’, असे सात महिने गेले. शेवटी एका कोपऱ्यातल्या कापडी गठ्ठ्यात ते सापडले. त्या तपकिरी कागदावर गावचा तलाव होता. पाणी कोणी कशासाठी घ्यायचे, गुरे कुठे न्यायची, हे होते. पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, याची ओळ मला कुठे दिसली नाही. मी तो कागद तीनदा वाचला. माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा त्या न सापडलेल्या ओळीत आहे.

कारण आमचा प्रदेश तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव. ते बहुतेक मालगुजारांनी बांधलेले नाहीत, त्याआधीचे आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाच्या माणसांनी ते बांधले. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी हे नाव आजही जोडलेले आहे. जमिनीचा उतार पाहून कुठे पाळ टाकायची, सांडवा कुठे सोडायचा, एका तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या तलावात कसे न्यायचे, ही विद्या त्यांच्या हातात होती. धानाला लावणीनंतरचा पाऊस बहुतेक मिळतो. घात होतो तो शेवटच्या पंधरवड्यात, लोंबी भरताना. दसऱ्याच्या आगेमागे तलावातले एक पाणी मिळाले तर पीक, नाही तर फोल. आमच्या सगळ्या तलावांचा हिशेब त्या एका पाण्यासाठी आहे.

मालगुजाराचे गुणगान मला करायचे नाही. पण तलाव फुटला तर त्याचाच महसूल बुडत होता. त्यामुळे उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची, सांडव्याची डागडुजी व्हायची. माती टाकणारे हात गावकऱ्यांचे, कधी मजुरीने, कधी बेगारीने. पाणी वाटायला माणूस नेमलेला असे. स्वार्थातून का होईना, तलावाला एक जबाबदार माणूस होता. ३१ मार्चला हक्क सरकारकडे गेला. जबाबदारी कोणाकडे गेली? आधी महसूल खाते, मग पाटबंधारे, मग राज्य बदलले, मग जिल्हा परिषदा झाल्या, शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे आले. प्रत्येक हस्तांतरात कागद पुढे गेला आणि पाळ तिथेच राहिली. ज्यांचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या हक्काचे होते त्यांच्याकडे पाणीपट्टीची मागणी आली, त्यावरून तंटे झाले. गावकऱ्यांनी म्हटले, तलाव सरकारचा, मग दुरुस्तीही सरकारने करावी. सरकारने म्हटले, निधी नाही. गाळ साचत गेला, कडेने बेशरम माजली, पाणी ओसरलेल्या जागेत लोकांनी बांध्या काढल्या. सरकारी भाषेत हे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’, त्याचे लघुरूप झाले ‘मामा तलाव’. आता शाळेतली मुले विचारतात, हा कोणत्या मामाचा तलाव? ज्या तारखेने त्या नावातला ‘माजी’ शब्द आला ती तारीख गेली, आणि मामा तेवढा उरला.

काही अभ्यासक म्हणतात की मालगुजारी गेली म्हणून तलाव गेले. मला हे पटत नाही. दक्षिणेत, मालगुजारी नसलेल्या भागांतही जुने तलाव खाते आणि गाव यांच्या मधल्या दरीत गाळाने भरले आहेत. शिवाय हा युक्तिवाद थोडा ताणला तर बेगार चांगली होती असे म्हणावे लागेल. नांगराचे बोलावणे न आलेल्या त्या पावसाळ्यानंतर ते कोणी कोणाला सांगू नये.

इथे मला पुन्हा नाउरू आठवते. १९६८ मध्ये त्यांना झेंडा मिळाला, पण फॉस्फेटच्या खाणी त्यांच्या हाती आल्या त्या १९७० मध्ये, आणि त्याही पैसे मोजून. आपलीच माती आपल्याला विकत घ्यावी लागली. आमचे १९४७ आणि १९५१, त्यांचे १९६८ आणि १९७०. राज्य आधी आणि जमीन नंतर, हा क्रम दोन्हीकडे सारखा. खाणी हाती आल्यावर काही वर्षे तो देश माणशी उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांच्या पंक्तीला बसला. पैसा आला तसा गेला. बेटाचा मधला उंचवटा, म्हणजे जवळजवळ चार पंचमांश भूमी, खणून काढल्यावर चुनखडीच्या सुळक्यांचे रान होऊन बसली. त्या नासाडीत त्यांचाही हात होता, हे झाकता येत नाही. पण त्यांनी एक केले. १९८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. स्वातंत्र्यापूर्वी तुम्ही जी जमीन खणलीत ती पुन्हा नीट करून देण्याचा खर्च तुमचा, असा दावा मांडला. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि दहा कोटींहून अधिक डॉलर द्यायचे मान्य केले. बारा हजारांच्या आतबाहेरच्या वस्तीच्या देशाने तारखेवारी हिशेब मागितला. अमुक तारखेआधीचे नुकसान तुमचे, नंतरचे आमचे. तारीख लक्षात असली की असा हिशेब मागता येतो. आमच्या तलावांत ३१ मार्च १९५१ ला किती पाणी मावत होते आणि आज किती मावते, हा साधा ताळेबंद कोणी मांडून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडईच्या बैठकीत मी हा विषय काढला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. गायगोधन झाले, भाऊबीज झाली की सुरू. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना या गावाहून त्या गावाला जाता यावे. दुकाने, दंडार, रात्री नाटक, उपवर मुलामुलींची सोयरीक जुळवण्याच्या गप्पा. हा दिवस पंचांगात नाही आणि राजपत्रातही नाही. गावाने बसून ठरवायचा. चौथ्या कलमातल्या यादीत ‘हाट, बाजार, मेळे’ हे शब्द होते, ते मी मंडळींना वाचून दाखवले. म्हटले, मालगुजाराच्या राज्यात मेळासुद्धा त्याच्या हक्कात येत होता, आपण आज ही बैठक घेतो आहोत ती त्या तारखेमुळे. तर वर्षातून एकदा ३१ मार्चला तलावाच्या पाळीवर जमू या.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, भाऊ, ३१ मार्चला सोसायटीचे कर्ज भरायचे असते. दुसरा म्हणाला, तेव्हा उन्हाळी धानाला पाणी असते, मोटर सोडून कोण येईल? दोन्ही खरे होते. ढीवर वस्तीतल्या एका बाईंनी विचारले, जमून करायचे काय? मी म्हटले, गाळ मोजायचा. त्या म्हणाल्या, मग मी येते, आमचे जाळे कुठे अडते ते मला ठाऊक आहे.

गेल्या ३१ मार्चला आम्ही पाच जण होतो. त्या बाई, त्यांचा नातू, दोन कॉलेजची पोरे आणि मी. मालकांकडून दुपारपर्यंतची सुट्टी घेतली होती, अठ्ठावीस वर्षांत त्या तारखेला पहिल्यांदाच. डोंगा घेऊन आम्ही पाळीपासून आत गेलो आणि बांबू खाली सोडत गेलो. पाणी संपून गाळ सुरू होतो तिथे एक खूण, बांबू टेकतो तिथे दुसरी. सांडव्याजवळ गाळ हातभर होता. मधोमध तो अडीच हातांवर गेला आणि पूर्वेच्या कडेला, जिथे नाला येऊन मिळतो तिथे, बांबू टेकलाच नाही. बाई म्हणाल्या, इथे पूर्वी उतरले की माणूस बुडायचा. मी एकेक आकडा वहीत मांडला. अठरा नोंदी झाल्या. मग हातपाय धुतले आणि मिलमध्ये परत गेलो, बारदान्याची मोजणी राहिली होती.